परजीवी जुळं बाळ जन्मलं तर: पहिल्या मिनिटापासून शस्त्रक्रियेपर्यंत

एका बाळाच्या छातीच्या खाली, बेंबीच्या वर, दुसऱ्या बाळाची अर्धवट कंबर चिकटलेली. तिला दोन पाय, कधी एखादा खुरटलेला हात. डोकं नाही, हृदय नाही. ज्याला ते चिकटलंय ते बाळ मात्र रडतंय, गुलाबी आहे, हातपाय मारतंय. प्रसूतिगृहात असं काही समोर आलं की सगळ्यांच्या नजरा त्या जादा पायांवर खिळतात, आणि तेवढ्यात रडणारं बाळ गार पडू लागतं.

बाळाच्या हृदयात मोठा दोष नसेल तर असं मूल वाचून पुढे चारचौघांसारखं वाढण्याची शक्यता चांगली असते. ती शक्यता घालवणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात: थंडी, रक्तातली साखर उतरणं, बेंबीवरची पिशवी फाटणं, चुकीच्या वजनावर काढलेला औषधाचा डोस आणि घाईनं लावलेली कात्री. हा लेख ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर, एसएनसीयूच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षाच्या, सिस्टर आणि आशाताई यांच्यासाठी आहे. घरच्यांनीही वाचायला हरकत नाही.

हा प्रकार नेमका कोणता

एकाच बीजापासून होणारी जुळी साधारण तेराव्या दिवसानंतर वेगळी होऊ लागली तर ती पूर्ण सुटत नाहीत, अशी जुनी आणि आजही शिकवली जाणारी मांडणी आहे. दुसरी मांडणी सांगते की वेगळे झालेले दोन गर्भ पुन्हा एकमेकांना चिकटतात. दोन्हींचे समर्थक आहेत, उपचारात त्यानं फरक पडत नाही. दोन्ही बाळं पूर्ण वाढलेली असतील तर ती सममित सयामी जुळी. ती छातीला, पोटाला, ढुंगणाला, ओटीपोटाला किंवा डोक्याला जोडलेली असतात. साधारण ५० हजार ते १ लाख जन्मांमागे एक असं त्यांचं प्रमाण सांगतात आणि त्यांत मुली जास्त असतात.

परजीवी जुळं, म्हणजे हेटेरोपॅगस, याहून कितीतरी विरळ: दहा लाख जन्मांमागे एखादं. इथे एक बाळ पूर्ण असतं, त्याला ऑटोसाइट म्हणतात. दुसरं अपुरं राहिलेलं आणि पहिल्याच्या रक्तावर जगणारं, ते पॅरासाइट. या लेखात त्यांना 'मुख्य बाळ' आणि 'अपुरा भाग' म्हटलं आहे. नातेवाइकांशी बोलतानाही हेच शब्द वापरावेत. 'परजीवी' हा शब्द आईच्या कानाला फार लागतो.

सर्वांत जास्त दिसतो तो पोटाच्या वरच्या भागावरचा, म्हणजे एपिगॅस्ट्रिक प्रकार. त्याच्यासोबत मुख्य बाळाला बहुतेकदा ऑम्फॅलोसील असतं: बेंबीच्या जागी पातळ पडद्याची पिशवी आणि तिच्यात आतडं, कधी यकृत. पाठीवर चिकटलेल्या प्रकारात मणका आणि मज्जारज्जू गुंतलेले असू शकतात. कमरेखालच्या प्रकारात गुदद्वार आणि लघवीची वाट तपासावीच लागते.

गोंधळ होतो तो तीन गोष्टींशी. टेराटोमा ही गाठ असते, तिच्यात हाड-केस सापडले तरी मणका आणि नीट आकाराचे हातपाय नसतात. हृदयहीन जुळं, ज्याला ट्रॅप म्हणतात, ते वारेतल्या रक्तवाहिन्यांमधून दुसऱ्याच्या रक्तावर जगतं, पण अंगाला चिकटलेलं नसतं. तिसरं म्हणजे फीटस इन फीटू, बाळाच्या पोटात बाळ. २०२५ च्या जानेवारीत मराठवाड्याशेजारच्या बुलढाण्यात जिल्हा रुग्णालयातल्या सोनोग्राफीत असं आढळलं होतं आणि त्याची शस्त्रक्रिया पुढे अमरावतीत झाली. ते पूर्ण आत असतं, त्यामुळे जन्मताना बाहेरून काही दिसतही नाही.

पोटात असताना कसं पकडायचं

जुळी आहेत असं दिसलं की ११ ते १४ आठवड्यांतच वार किती, गर्भजलाच्या पिशव्या किती आणि मधला पडदा आहे की नाही ते लिहा. हे नंतर कळणं अवघड होतं. वार एक, पिशवी एक, पडदा दिसत नाही, आणि दोन्ही शरीरं एकमेकांच्या संदर्भात जागा बदलत नाहीत, आईनं कूस बदलली तरी नाहीत, तर जोडलेली आहेत असं धरून चाला. परजीवी प्रकारात हृदयाचे ठोके एकच असतात, त्यामुळे 'एकच बाळ' असा रिपोर्ट जाण्याची भीती जास्त. १८ ते २० आठवड्यांच्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये हातपाय मोजायची सवय हवी. दोन मांडीची हाडं मोजून प्रोब उचलला की तिसरं आणि चौथं राहून जातं. बेंबीजवळ फुगवटा दिसला तर तो ऑम्फॅलोसील म्हणून सोडून देण्याआधी त्याच्या आत हाडाची पांढरी रेघ आहे का ते पाहा, आणि नाळेतल्या रक्तवाहिन्या मोजा. तीनापेक्षा जास्त निघाल्या तर शंका पक्की होते.

मराठवाड्यात हा स्कॅन चुकण्याचं एक ठरलेलं कारण आहे. बीड, जालना, धाराशिव, परभणीकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि उन्हाळा लागताना परततात. पाचवा महिना फडात जातो. आशाताईंनी टोळी निघण्याआधीच दिवस मोजून, कारखान्याच्या जवळच्या तालुक्यात स्कॅन कधी करायचा ती तारीख माता-बाल कार्डावर लिहून द्यावी. नुसतं 'सोनोग्राफी करून घे' सांगून भागत नाही.

शंका आली की पुढचं पाऊल गर्भाच्या हृदयाची इको, २० ते २४ आठवड्यांत. सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे. अपुरा भाग दिसायला कितीही मोठा असला तरी मुख्य बाळाचं हृदय चांगलं असेल तर चित्र आशेचं असतं, आणि भाग लहान असूनही हृदयात गुंतागुंतीचा दोष असेल तर तसं नसतं. गर्भपाताबद्दल विचारलं जातंच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढेही गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मंजुरीनं गर्भपात करता येतो. पण परजीवी जुळं म्हणजे आपोआप 'गंभीर दोष' असं समजून कुटुंबाला त्या वाटेला लावू नये. आधी इको, मग बालशल्यचिकित्सकाशी भेट, मग त्यांचा निर्णय. गर्भलिंगनिदानबंदी कायद्यातला स्कॅनचा फॉर्म एफ नेहमीप्रमाणे भरायचा. प्रकरण दुर्मीळ असलं तरी लिंग सांगायचं नाही, आणि चर्चेच्या ओघात तेच सर्वांत आधी निसटतं.

बाळंतपण कुठे

हा बेत सातव्या महिन्यात ठरवा. बालशल्यचिकित्सक, नवजात अतिदक्षता आणि रक्तपेढी एकाच आवारात असेल तिथेच बाळंतपण व्हावं. मराठवाड्यात पहिली विचारणा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात करावी. नांदेडचं विष्णुपुरी, लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं जवळ असली तरी त्या दिवशी बालशल्यचिकित्सक उपलब्ध आहे का हे फोनवर विचारूनच निघा. धाराशिवकरांना सोलापूर जवळ पडतं, नांदेड-देगलूरकडच्यांना हैदराबाद. गुंतागुंत मोठी असेल तर मुंबई. परळच्या वाडिया बालरुग्णालयाला जोडलेल्या जुळ्यांच्या विलगीकरणाचा अनुभव आहे.

इथे आणखी एक अडचण येते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत असल्यामुळे आई एका जिल्ह्यात आणि रेशनकार्ड सासरच्या घरात दुसऱ्या जिल्ह्यात असतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाव लावायला तेच कार्ड आणि आधार लागतं. सातव्या महिन्यातच दोन्ही आईच्या पिशवीत आलेलं बरं.

सिझेरियन बहुतेकदा ३६ ते ३७ आठवड्यांना, दिवसा आणि ठरवून. ३४ आठवड्यांआधीच बाळंतपण होण्याची चिन्हं असतील तर आईला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम स्नायूत, दर १२ तासांनी, एकूण ४ डोस. आणि निदान न झालेली बाई कळा घेत प्राथमिक आरोग्य केंद्रात आली, तपासताना हाताला जादा पाय लागला, तर ओढायचं नाही. ओढल्यानं बेंबीवरची पिशवी फाटते, अपुरा भाग जोडणारा देठ तुटून रक्त जातं, बाळ अडकतं ते वेगळंच. सलाईन लावा, डाव्या कुशीवर घ्या, १०८ बोलवा आणि पुढच्या रुग्णालयाला 'प्रसूती अडण्याची शक्यता, सिझेरियन तयार ठेवा' एवढंच स्पष्ट सांगा.

पहिला तास

खोली २६ ते २८ अंश, पंखा बंद, वॉर्मर आधीच सुरू. बाळ आलं की पहिला प्रश्न: हृदय किती, डोकी किती? दोन असतील तर ती सममित जुळी. तिथे दोन टीम, दोन वेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या, प्रत्येक नळीवर 'अ' किंवा 'ब'. दोघांचं रक्त एकमेकांत मिसळत असेल तर एकाला दिलेलं औषध दुसऱ्यात जातं, हे डोक्यात ठेवून डोस काढायचा. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

हृदय एकच असेल तर मुख्य बाळाला नेहमीच्या नवजात बाळासारखंच वागवा. कोरडं करणं, श्वासमार्ग, श्वास, ठोके, याच क्रमानं, पहिल्या मिनिटात. अपुऱ्या भागाला जागं करायला चोळू नका, त्याचा निळसर रंग बघून ऑक्सिजन वाढवू नका. त्याच्यात रक्त संथ फिरतं, रंग तसाच राहणार. पल्स ऑक्सिमीटर मुख्य बाळाच्या उजव्या हाताला.

फुगा-मास्कनं श्वास द्यावा लागला तर छाती नीट वर येत नाही, कारण तिच्यावर वजन आहे. एका सिस्टरनं अपुरा भाग दोन्ही हातांनी हलकेच उचलून धरायचा. दाब वाढवण्याआधी हे करून पाहा.

नाळ बांधण्याआधी तिचं बूड पाहा. ऑम्फॅलोसील असेल तर आतडं नाळेच्या बुडात शिरलेलं असू शकतं. क्लॅम्प पिशवीच्या कडेपासून किमान ५ सेंमी लांब लावा, नंतर कमी करता येतं. पिशवीवर कोमट सलाईननं ओला केलेला निर्जंतुक मऊ गॉज, एकच थर. त्यावर निर्जंतुक प्लास्टिक गुंडाळा, वर कोरडं कापड. नुसता ओला गॉज ठेवला तर पाणी उडताना बाळाची ऊब घेऊन जातं, आणि ही चूक सर्रास होते. पिशवी एका बाजूला लोंबकळू देऊ नका, आतली शीर पिळली जाते. स्वच्छ कापडाच्या दोन वळकट्या करून पिशवी आणि अपुरा भाग दोन्ही मध्यरेषेवर तोलून धरा. सगळं वजन देठावर येता कामा नये.

तोंडातून ८ नंबरची नळी पोटात, टोक उघडं, दर दोन-तीन तासांनी ओढून पाहायचं. हिरवं आलं तर वेळेसकट लिहा. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश, पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी. अपुरा भाग स्वतः उष्णता तयार करत नाही म्हणावं इतकी कमी करतो, पण गमावतो भरपूर. म्हणून तोही टोपी-मोज्यांसारखा कोरड्या उबदार कापडात गुंडाळा. गरम पाण्याची पिशवी मात्र त्याला लावू नका. तिथे संवेदना बहुतेकदा नसते, कातडी भाजली तरी मुख्य बाळ रडणार नाही आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

व्हिटॅमिन के १ मिलिग्रॅम, मुख्य बाळाच्याच मांडीत. ही सूचना वाचून हसू येईल, पण चार मांड्या समोर असताना आणि रात्री तीन वाजता हात चुकतो. सोपा उपाय: अपुऱ्या भागाच्या प्रत्येक हातापायाला लाल चिकटपट्टी लावा. लाल पट्टी असलेल्या जागी सुई नाही, सलाईन नाही, रक्त काढणं नाही. तिथून दिलेलं औषध कधी आणि किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. सलाईनसाठी मुख्य बाळाचे हात वापरा. बेंबीतून कॅथेटर टाकण्याचा विचार इथे करू नका.

वजन किती धरायचं

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. काट्यावर ३.२ किलो दिसतं. त्यात मुख्य बाळ किती? कापल्याशिवाय कुणी वेगळं तोलू शकत नाही. म्हणून मुख्य बाळाच्या डोक्याचा घेर आणि टाळूपासून टाचेपर्यंतची लांबी मोजा, आठवड्यांप्रमाणे वाढीच्या तक्त्यावर त्या मापांना जुळणारं वजन शोधा आणि शेवटच्या सोनोग्राफीतल्या मापांशी ताडून पाहा. पोटाचा घेर वापरू नका, ऑम्फॅलोसीलमुळे तो फसवा असतो. समजा २.५ किलो आलं. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत दोन्ही लिहा: 'एकूण वजन ३.२, औषधाचं वजन २.५'. पाळी बदलताना सिस्टरनं सिस्टरला हे तोंडी सांगायचं.

आता हिशेब. १० टक्के डेक्स्ट्रोज पहिल्या दिवशी ६० मिली प्रतिकिलो: २.५ × ६० = १५० मिली, म्हणजे ताशी साधारण ६.२ मिली. यातून मिनिटाला किलोमागे सुमारे ४.२ मिलिग्रॅम साखर जाते. पिशवी फाटली असेल तर उघड्या आतड्यावरून पाणी उडून जातं, तेव्हा ८० ते १०० मिली प्रतिकिलोपर्यंत जावं लागतं. ग्लुकोमीटर पहिल्या तासात, मग २, ६, १२, २४ तासांनी. साखर ४५ च्या खाली आली आणि बाळ सुस्त किंवा थरथरतं असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज २ मिली प्रतिकिलो, म्हणजे इथे ५ मिली, हळूहळू शिरेतून, आणि मग थेंब वाढवून मिनिटाला किलोमागे ६ मिलिग्रॅमपर्यंत. एकच इंजेक्शन देऊन थांबलं तर साखर तासाभरात पुन्हा खाली येते.

पिशवी फाटली असेल तर अ‍ॅम्पिसिलिन ५० मिलिग्रॅम प्रतिकिलो दर १२ तासांनी, इथे १२५ मिलिग्रॅम, आणि जेंटामायसिन ५ मिलिग्रॅम प्रतिकिलो दिवसातून एकदा, इथे १२.५ मिलिग्रॅम. ३.२ किलोवर जेंटामायसिन काढलं असतं तर १६ गेलं असतं, रोज, आणि मूत्रपिंड व कान दोन्ही धोक्यात.

पाण्याचा हिशेब मात्र वजनावर सोडून देऊ नका. अपुरा भागही त्याच रक्तावर चालतो, काही वेळा त्याला स्वतःचं मूत्रपिंड असतं आणि त्यातून वेगळी लघवी गळते. लंगोट वेगवेगळे तोला. मुख्य बाळाची लघवी किलोमागे ताशी १ मिलीच्या खाली गेली तर पाणी कमी पडतंय. सोडियम रोज, एकूण वजन रोज एकाच काट्यावर.

ठोके सतत १८० च्या वर, श्वास ६० च्या वर, यकृत बरगडीखाली वाढत चाललेलं, दूध पिताना घाम: हृदयावर दुहेरी संसाराचा भार पडतोय असं समजा आणि इको लगेच करून घ्या.

हात लावू नये अशा जागा

'लहानच पाय आहे, देठ बारीक आहे, दोरा बांधून टाकू, गळून पडेल.' हा सल्ला नातेवाईक देतात, क्वचित डॉक्टरही. बाहेरून बोटाएवढा दिसणाऱ्या देठात यकृताचा तुकडा, आतड्याचा वेढा किंवा छातीच्या आतल्या धमनीतून आलेली मोठी रक्तवाहिनी असू शकते. दोरा बांधला की भाग कुजतो, कुजलेल्याचं विष मुख्य बाळात जातं, आणि सडका वास येईपर्यंत जंतुसंसर्ग रक्तात पोचलेला असतो. त्यावर हळद, राख, तेल लावणंही तसंच. पाठीवरच्या प्रकारात तर देठात मज्जारज्जूचे धागे असू शकतात. तिथे दोरा म्हणजे पाय कायमचे लुळे.

वाटेतला प्रवास

हिंगोलीहून संभाजीनगर म्हणजे चार-पाच तास सहज, किनवटहून त्याहून जास्त. जालन्यापासून मुंबईकडे समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून वेळ वाचतो, पण वेग जास्त आणि मधे थांबायच्या जागा मर्यादित. म्हणून तयारी आधीच पक्की हवी.

तापमान, साखर, श्वास स्थिर झाल्याशिवाय गाडी हलवू नका. अर्धा तास उशीर चालेल, ३४ अंशांचं बाळ पाठवणं नाही. ऑक्सिजनचा हिशेब करा: मिनिटाला १ लिटर, पाच तास, म्हणजे ३०० लिटर. त्याच्या दुप्पट जवळ असावा. बी प्रकारचा भरलेला सिलिंडर सुमारे १५०० लिटरचा, तेव्हा पुरतो, फक्त तो भरलेला आहे हे गेजवर स्वतः पाहा. कांगारू पद्धत पोटावरच्या प्रकारात जमत नाही, कारण छातीला छाती लागत नाही. बाळ काचेच्या पेटीत किंवा गुंडाळून उताणं, बाजूंना वळकट्या. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास जातो, तेव्हा गाडीचा हीटर निघण्याच्या २० मिनिटं आधी सुरू करा. एप्रिल-मेमध्ये उलटी काळजी: प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं बाळ बंद गाडीत तापतं, ३७.५ ओलांडलं तर वरचं कापड काढा, प्लास्टिक काढू नका.

सोबत आईचं रक्त ५ मिली, बाळाचे रिपोर्ट, वारेचं वर्णन आणि शक्य असेल तर आई स्वतः. ती शस्त्रक्रियेतून उठलेली असेल तर निदान तिचं दूध. पहिल्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी पिळून काढायला शिकवा. बाळ आठवडाभर उपाशी राहिलं तरी दूध टिकवायचं असेल तर एवढंच करता येतं.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या

साधा एक्स-रे पहिला. त्यात हाडं किती, अपुऱ्या भागाला मणका आहे का, मुख्य बाळाच्या छातीच्या हाडाशी जोड आहे का हे दिसतं. मग इको, पोटाची सोनोग्राफी, आणि शेवटी सीटी अँजिओग्राफी. डाय किलोमागे २ मिली, पुन्हा औषधाच्या वजनावर. शल्यचिकित्सकाला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: रक्त येतं कुठून? पोटावरच्या प्रकारात ते बहुधा यकृताजवळच्या दुमडीतून किंवा छाती-पोटाच्या पुढच्या भिंतीतल्या धमन्यांतून येतं. पाठीवरच्या प्रकारात सीटीपेक्षा एमआरआय महत्त्वाचा. अपुऱ्या भागाच्या वाटेतून शी येत असेल तर आतड्यांची जोड शोधायला डाय घालून एक्स-रे.

रक्तात हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठायची तपासणी (पीटी), क्रिएटिनिन, रक्तगट. अल्फा-फीटोप्रोटीन हे काही कॅन्सरमध्ये वाढणारं प्रथिनही मागवतात, पण नवजात बाळात ते जात्याच भरमसाट असतं. तो आकडा बघून कॅन्सरची धास्ती घेऊ नये.

घाई केव्हा? पिशवी फाटली, अपुरा भाग काळा पडू लागला, हृदय थकलं किंवा आतडं अडलं, तर लगेच. नाहीतर काही दिवस ते काही आठवडे थांबून पूर्ण तपासून केलेली शस्त्रक्रिया जास्त सुरक्षित.

टेबलावर

भूलतज्ज्ञाची अडचण अशी की अपुरा भाग छातीवर आणि लॅरिंगोस्कोपच्या वाटेतही येतो. बाळ टेबलाच्या कडेला, खांद्याखाली घडी, एका माणसाचे हात फक्त तो भाग धरायला. नळी ३ किंवा ३.५. दोन चांगल्या शिरा, दोन्ही मुख्य बाळाच्या हातात.

रक्ताचा अंदाज आधी करा. किलोमागे ८० मिली धरलं तर २.५ किलोच्या बाळात २०० मिली. त्यातलं १० टक्के म्हणजे २० मिली, दहा सेंमीचे दोन गॉज पूर्ण भिजले की गेलं. म्हणून प्रत्येक गॉज तोलायचा, १ ग्रॅम म्हणजे १ मिली. ताजी पॅक्ड सेल जुळवून खोलीत तयार, लागलं तर किलोमागे १० ते १५ मिली. देठातल्या शिरा बांधण्याआधी अपुरा भाग काही मिनिटं उंच धरावा, म्हणजे त्याच्यातलं रक्त शक्य तितकं मुख्य बाळाकडे परततं. आधी धमनी बांधायची, शीर नंतर. उलट केलं तर रक्त त्या भागात साठत जातं.

छेद देठाच्या अगदी बुडाशी न घेता अपुऱ्या भागाच्या बाजूनं सरकवून घेतात, कारण शेवटी पोट बंद करायला कातडी कमी पडते आणि जादा कातडी नंतर कापता येते. ऑम्फॅलोसील लहान असेल तर त्याच वेळी बंद. मोठं असेल तर हट्ट करू नये. ताणून शिवलं की व्हेंटिलेटरचा दाब चढतो, पाय जांभळे पडतात, लघवी थांबते. ही तीन चिन्हं दिसली की टाके सोडायचे आणि सायलो, म्हणजे बाहेरची निर्जंतुक पिशवी, लावून आतडं टप्प्याटप्प्यानं आत घ्यायचं.

काढलेला भाग पॅथॉलॉजीला जातो. नंतर तो पुरायचा असं घरच्यांच्या मनात असू शकतं. दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकण्याआधी विचारा. एका वाक्याचा प्रश्न आहे, पण विचारला नाही तर त्यांना तो आयुष्यभर सलतो.

घरच्यांशी बोलणं

ग्रहणात भाजी चिरली, जुळं केळं खाल्लं, अमुकाची नजर लागली. बोट नेहमी आईकडे जातं. सासू आणि नवरा समोर असतानाच डॉक्टरांनी स्पष्ट सांगावं की ही गोष्ट गर्भ राहिल्यापासून दोन-अडीच आठवड्यांत ठरून गेलेली असते, तेव्हा बहुतेक बायांना दिवस गेल्याचंही माहीत नसतं. आईबापाच्या वंशातूनही ती येत नाही, पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची भीती जवळपास नाही.

उलट टोकही असतं. २००७ मध्ये बंगळुरूत बिहारमधल्या दोन वर्षांच्या मुलीवर अशीच मोठी शस्त्रक्रिया झाली, तिला गावात देवीचा अवतार मानून लोक पाया पडत होते. आपल्याकडेही चार हातांचं बाळ म्हटलं की वॉर्डाबाहेर रांग लागते आणि कुणाचा तरी मोबाइल वर निघतो. पहिल्याच तासात बाळ आतल्या खोलीत, फोटो फक्त उपचारासाठी आणि लेखी संमतीनं. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला फोटो कुणालाच परत आणता येत नाही.

जन्मनोंद एकाच बाळाची करायची. खर्चासाठी फुले योजना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे (आरबीएसके) आणि त्याच्या जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राकडे जन्मजात दोष म्हणून नोंद, आणि आजारी नवजात बाळाची ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (जेएसएसके) मोफत. हे तिन्ही कागद एकाच दिवशी सुरू करा.

घरी गेल्यावर

दूध नळीतून किलोमागे रोज १० ते २० मिलीनं सुरू होतं, पोटातला हिरवा स्राव थांबला आणि शी झाली की वाढवत नेतात. बीसीजी डाव्या दंडात, हिपॅटायटिस बी मांडीत, पोलिओचे थेंब तोंडात, सगळं नेहमीसारखं, फक्त बाळ स्थिर झाल्यावर. आशाताईंच्या घरभेटी दवाखान्यातल्या बाळंतपणात तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत सहा असतात. पण हे बाळ त्यातले बरेच दिवस दवाखान्यातच असेल, तेव्हा भेटी सुट्टीच्या दिवसापासून मोजून कराव्यात. पाहायचं ते असं: जखमेतून पाणी किंवा शी, रडताना पोटाच्या मध्यावर फुगवटा, हिरवी उलटी, वजन न वाढणं. पोटाच्या मध्यावरचा मऊ फुगवटा, म्हणजे हर्निया, पुष्कळ बाळांत येतो. तो आत ढकलता येत असेल तर पट्टा बांधू नका, वर्ष-दीड वर्षानं नीट दुरुस्त करता येतो. कडक झाला, लाल झाला आणि बाळ रडायचं थांबत नसेल तर त्याच रात्री निघायचं.

ऑपरेशनच्या नोंदीची आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची झेरॉक्स आईकडे द्या, एक सासरी आणि एक माहेरी. कोणती रक्तवाहिनी कुठे बांधली, यकृताला टाका आहे का, हे पाच वर्षांनी हर्नियाचं ऑपरेशन करणाऱ्या दुसऱ्या गावच्या सर्जनला त्याच कागदावरून कळणार आहे.